सहा पाच ते सहा पंधरा : सकारात्मक विचार

मे महिन्याच्या शेवटी आंबे स्वस्त होतात आणि सल्लेही. वर्तमानपत्राच्या पुरवणीत 'शाळा सुरू होताना' नावाचं पान येतं. त्यात दरवर्षी तिघंजण असतात. बालरोगतज्ज्ञ म्हणतात, मुलांना लवकर झोपवा. आहारतज्ज्ञ म्हणतात, मुलांना पाच रंगांच्या भाज्या द्या. समुपदेशक म्हणतात, मुलांशी बोला. पानाच्या तळाशी सायकलची जाहिरात असते. मुलं पुरवणीतलं तेवढंच वाचतात आणि मग खरोखरच आईबापांशी बोलायला येतात.

राज्यातल्या शाळा साधारण जूनच्या मध्यावर उघडतात. विदर्भात ऊन हटायचं नाव घेत नाही, म्हणून तिथे आणखी आठवडाभर उशिरा. नागपूरच्या पोरांची चैन आहे, असं पुण्याच्या पोरांना वाटतं. पण सल्ले ऐकण्याचा आठवडाही त्यांच्या वाट्याला जास्त येतो, हे कुणी लक्षात घेत नाही.

आमच्या घरात शाळेत जाणारी दोन माणसं आहेत. पुतण्या सहावीत, पुतणी तिसरीत. मी काका. काका या पदाला अधिकार शून्य, जबाबदारी त्याहून कमी. पण तमाशा बघायला जागा मात्र अगदी पुढची मिळते. यंदा दादाने ऑफिसातली सगळी कर्तबगारी पणाला लावून दोघांचं वेळापत्रक एक्सेलमध्ये बनवलं. रंगीत रकाने, वर शाळेचं नाव, खाली 'बदल कळवावेत'. ते फ्रिजवर चिकटलं. त्यात लिहिलं होतं : ५.४५ उठणे. ५.५० कोमट पाणी. ६.०५ ते ६.१५ सकारात्मक विचार. ६.१५ शौच.

पुतण्याने ते शांतपणे वाचलं आणि विचारलं, "बाबा, हा क्रम असाच ठेवायचाय का? कारण शेवटचं आधी झालं नाही, तर आधीचं सकारात्मक होणार नाही."

आरोग्याविषयी त्या उन्हाळ्यात आमच्या घरात झालेलं सर्वांत शास्त्रशुद्ध विधान हेच. दादाने रकाने बदलले.

झोपेचं प्रकरण मात्र रकाने बदलून सुटत नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ ते बारा तास झोप लागते, असं झोपेचे डॉक्टर सांगतात. पावणेसहाला उठायचं, तर फार तर पावणेनऊला आडवं व्हायला हवं. आता पावणेनऊला आमच्या घरात काय चालू असतं? आजीची मालिका निर्णायक वळणावर असते (ती गेली कित्येक वर्षं तिथेच आहे). दादा लॅपटॉपवर कुठल्याशा परदेशी माणसाला 'गुड मॉर्निंग' म्हणत असतो. वहिनी कुकर लावत असतात. आणि या सगळ्या जाग्या माणसांनी मिळून दोन लहान माणसांना सांगायचं, की झोपा, रात्र झाली.

मुलं मूर्ख नसतात. त्यांना पक्कं ठाऊक असतं, की घरातली खरी मजा आपण झोपल्यावर सुरू होते. मग एकाला तहान लागते. ती भागली की दुसरीला लागते. पाणी प्यायल्याचा परिणाम साधारण वीस मिनिटांनी दोघांना मिळून होतो. साडेनऊला पुतणीला आठवतं, की उद्या शाळेत पिंपळाचं पान न्यायचंय. पिंपळाचं पान कधीही दुपारी चार वाजता आठवत नाही.

आजीचं यावर म्हणणं साधं आहे. "आम्हाला कुणी झोपवलं नाही. कंदील विझला की झोपायचं. कंदिलात बघायला काय असतं?"

पुरवणीतले डॉक्टर सांगतात, की शाळा सुरू होण्याआधी आठवडाभर रोज पंधरा-पंधरा मिनिटं अलीकडे सरका. सल्ला उत्तम आहे. आमच्याकडे तो 'सोमवारपासून' अमलात येणार होता. सोमवारी आमच्या मावशी राहायला आल्या. पुढच्या सोमवारी शाळाच सुरू झाली.

सरकारला निदान झोपेची दया आली, हे मान्य करायला हवं. २०२३च्या डिसेंबरात तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस म्हणाले, की पोरांची झोप होत नाही, शाळांच्या वेळा बदलायचा विचार करा. २०२४च्या फेब्रुवारीत शासनाने आदेश काढला : चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका. घराघरांत आनंदीआनंद झाला आणि तो सुमारे एक दिवस टिकला. दुसऱ्या दिवशी लोकांनी हिशेब मांडला. नऊची शाळा म्हणजे आईबापांचं ऑफिस आणि पोराची शाळा एकाच मिनिटाला. एकाच इमारतीत दोन सत्रं चालवणाऱ्या शाळांनी विचारलं, दुपारची पोरं बसवू कुठे? व्हॅनवाल्या काकांनी विचारलं, दोन फेऱ्यांच्या तीन झाल्या तर डिझेल कोण भरणार?

आमच्या घरात या आदेशाचं फळ असं, की तिसरीतली पुतणी नऊला जाते आणि सहावीतला पुतण्या सातला. म्हणजे पावणेसहाला पुतण्याला उठवण्यासाठी जो आरडाओरडा होतो, त्यात पुतणीही उठते. फरक एवढाच, की उठल्यावर तिला अडीच तास मोकळे मिळतात. त्या वेळात ती दादाला विचारते, "बाबा, तुमचे सकारात्मक विचार झाले का?"

आता डबा. डबा हा विषय घाईने उरकता येत नाही. तोही नाही आणि त्यातली भाजीही नाही.

शाळेने पहिल्याच आठवड्यात डब्याचा तक्ता पाठवला. सोमवारी मोड आलेली कडधान्यं, मंगळवारी पालेभाजी-पोळी, बुधवारी फळ, गुरुवारी भरडधान्य. भरडधान्य वाचून वहिनी जरा बिचकल्या. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं केलं होतं. तेव्हापासून नाचणीला जो मान मिळाला, तो आमच्या आजीला अजून पचलेला नाही. "नाचणीचं सत्त्व मी याला सहा महिन्यांचा असताना भरवत होते, तेव्हा तुम्हीच त्या डब्यातल्या पावडरी आणल्यात," असं ती वहिनींना मुद्दाम ऐकू जाईल अशा बेताने भांड्यांना सांगते.

वहिनींचा खरा छळ मात्र मोबाइल करतो. त्यावर एक बाई रोज पहाटे हसतमुखाने डबा भरताना दिसते. गाजराची फुलं, काकडीचे ससे, बिटाने गुलाबी झालेल्या पोळीचं हृदय. वहिनींनी एकदा काकडीचा ससा करून दिला. पुतणीने तो जसाच्या तसा परत आणला. "का गं खाल्ला नाहीस?" तर म्हणाली, "तो माझ्याकडे बघत होता."

डब्याची नियती मधल्या सुट्टीत ठरते. वर्गात एक सुसज्ज बाजारपेठ चालते, तिचे भाव रोज फुटतात, आणि तिथे आईच्या कष्टांना काही किंमत नसते. पुतण्याकडून मला कळलेले सध्याचे दर असे : एक बटाट्याचा पराठा म्हणजे दोन इडल्या, चटणीसकट. साबुदाण्याची खिचडी चतुर्थीला पडते, इतर दिवशी चढते. शिरा स्थिर आहे. भेंडी कुरकुरीत असेल तर व्यवहार होतो. दुधी कुणी फुकट घेत नाही. दुधीवाल्याला शेजारी बसू देतात, हीच मेहेरबानी. मोड आलेल्या कडधान्यांच्या सोमवारी तर बाजार बंदच असतो, कारण सगळ्यांकडे एकच माल.

ही माहिती मी वहिनींना सांगितली नाही. मुलाने डबा रिकामा आणला की त्याने भाजी खाल्ली, असं त्या समजतात. प्रत्यक्षात त्याने भाजी विकलेली असते. पण मला विचाराल, तर सहावीतला मुलगा पाच घरांचं स्वयंपाकघर एका सुट्टीत चाखून येतो, पाच रंगांच्या भाज्या त्याच्या पोटात जातात, आहारतज्ज्ञांचं म्हणणं तंतोतंत पाळलं जातं. तक्त्याला मात्र यातलं काही दिसत नाही.

फाटकाबाहेरचा बाजार निराळा. अन्नसुरक्षेच्या २०२०च्या नियमांप्रमाणे शाळेत आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत अती साखर, अती मीठ, अती तेल असलेले पदार्थ विकता येत नाहीत. नियम चांगला आहे. त्याचा पहिला परिणाम असा झाला, की पुतण्याच्या वर्गाला मीटर म्हणजे नक्की किती, हे भूमितीच्या तासाआधीच समजलं. वेफर्सची पाकिटं एक्कावन्नाव्या मीटरवर टांगलेली असतात. तिथवर चालत जाण्याचा व्यायाम होतो, हा लाभ नियम करणाऱ्यांच्या मनातही नसेल.

गंमत वेगळीच आहे. फाटकाला अगदी लागून एक मावशी टोपली घेऊन बसतात. जूनमध्ये जांभळं, करवंदं; मग पेरू; हिवाळ्यात बोरं, आवळे, चिंचा. त्यांच्या टोपलीत अख्ख्या गल्लीतला सर्वांत पौष्टिक माल आहे आणि आया नेमक्या त्यांच्याकडूनच घेऊ देत नाहीत. "धूळ असते त्यावर." पाकिटावर धूळ नसते. पाकिटाच्या आत काय असतं, ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आणि बारीक अक्षर वाचायला वहिनींना चष्मा लागतो, जो घरी राहतो.

केंद्रीय मंडळाने, म्हणजे सीबीएसईने, २०२५च्या मे महिन्यात आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं. कुठल्या खाण्यात, कुठल्या थंड पेयात किती साखर, हे भिंतीवर मांडून ठेवायचं. शेजारचा मुलगा अशा शाळेत आहे. तो आता आमच्याकडे आला, की चहाच्या टेबलापाशी उभा राहून मोजतो. दादाने चहात दुसरा चमचा घातला, तेव्हा तो म्हणाला, "काका, तुमच्या वयाला किती चालते, ते आमच्या बोर्डावर नाहीये." दादाने चमचा परत ठेवला. तो गेल्यावर घातला.

माझा एक मित्र जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. त्याला मी हे सगळं फोनवर सांगतो आणि तो हसतो. त्यांच्याकडे शाळेचा पहिला दिवस म्हणजे प्रवेशोत्सव. पहिलीत येणाऱ्या पोरांची बैलगाडीतून किंवा ट्रॅक्टरमधून मिरवणूक, पुढे लेझीम, हातात फुगा आणि गुलाबाचं फूल, पावलं रंगात बुडवून त्यांचे कागदावर ठसे. नवी पुस्तकं त्याच दिवशी हातात. "इतक्या थाटात तर माझं लग्नही झालं नाही," मित्र म्हणतो. ट्रॅक्टरमधली निम्मी पोरं रडत असतात. सरपंच खाली उभे राहून त्यांना सकारात्मक विचार करायला सांगतात.

दुपारी शालेय पोषण आहार. हात धुऊन ओळीत बसायचं, ताटात पडेल ते गरम गरम खायचं. जागा असेल तिथे शाळेची परसबाग असते. मेथी, कोथिंबीर, वांगी पोरांनीच लावलेली. मित्र म्हणतो, "आमच्याकडे काकडीचा ससा होत नाही. काकडी तोडून शाळेत पोचायच्या आधीच संपते." त्याच शाळेत आठवड्याची लोहाची गोळीही मिळते, धाकट्यांना गुलाबी आणि मोठ्यांना निळी. सहावीत गेल्याचा खरा अभिमान पोरांना निळ्या गोळीने येतो. फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या दहा तारखेला जंतनाशक गोळी. ती चघळून खायची असते, सरांच्या समोर. कुणाच्या पोटात किती जंत होते, यावर पुढचे चार दिवस मुलं जी चर्चा करतात, तिच्यात अतिशयोक्ती सोडून दुसरं काही नसतं.

शाळेच्या कॅलेंडरात आरोग्याच्या तारखा काय हिशेबाने पडतात, देव जाणे. आंतरराष्ट्रीय योगदिन २१ जूनला. म्हणजे शाळा उघडून जेमतेम आठवडा झालेला, पहिला पाऊस पडून मैदानात चिखल, आणि साडेसहाला पांढऱ्या कपड्यांत हजर राहायचं. गेल्या वेळी सगळ्यांना आतल्या हॉलमध्ये दाटीने बसवलं. वृक्षासनात एक वृक्ष पडला की ओळीतले पुढचे सात पडत. सर्वांना उत्तम जमलं ते शवासन. प्रमुख पाहुण्यांचं भाषण त्याच आसनात सुरू झालं आणि ते संपलं तरी कित्येकांनी आसन सोडलं नाही. झोपेचे राहिलेले तास मुलं अशी कुठे कुठे वसूल करतात.

ऑक्टोबरच्या पंधरा तारखेला तर जागतिक हात धुवा दिवस आणि अब्दुल कलामांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन एकाच वेळी येतात. मुख्याध्यापिकाबाईंनी दोन्ही उपक्रम पाठोपाठ लावले. ओल्या हातांनी हाताळलेली ती ग्रंथालयाची पुस्तकं अजून लाटा मारतात.

दप्तराचं तर विचारूच नका. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नको, असं राष्ट्रीय धोरण २०२०चं आहे. पुतण्या तीस किलोचा. म्हणजे तीन किलो. दादाने बॅग हातातल्या लटकत्या काट्याला अडकवली (हा काटा विमानप्रवासासाठी आणलेला, विमानप्रवास अद्याप व्हायचाय). काटा साडेपाचवर. मग एकेक वस्तू काढून वजन झालं. पुस्तकं-वह्या बऱ्याच हलक्या निघाल्या. पाण्याची बाटली एक लिटरची, म्हणजे पाणीच एक किलो. वर ती बाटली स्टीलची, कारण प्लॅस्टिक वाईट. डबे दोन, छोट्या सुट्टीचा वेगळा, तेही स्टीलचे. हातरुमाल, जेवणाचा नॅपकिन, सॅनिटायझरची बाटली, रेनकोट, पावसाळ्यात जास्तीचे मोजे, फळाची डबी. दप्तर जड होतं ते आरोग्याने. विद्या त्यात फारशी नव्हती.

बालभारतीनेही मध्यंतरी एक युक्ती केली. २०२३-२४पासून पुस्तकांचे चार भाग, आणि पाठांच्या मागे कोरी पानं; म्हणजे वही वेगळी न्यायला नको, तिथेच लिहा. मुलांनी त्या पानांचं मनापासून स्वागत केलं. फुली-गोळा खेळायला पुस्तकातच जागा मिळाल्यावर तक्रार कोण करणार? बाईंनी मात्र वहीही आणायला सांगितली. २०२५च्या जानेवारीत शासनाने कोरी पानं परत घेतली. पुतण्या हळहळला. "काका, त्या पुस्तकातलं तेवढंच सोपं होतं."

आता सकारात्मक विचार.

आमच्या वेळीही ते होते, पण फळ्यावर. वर मधोमध श्री, डावीकडे वार-दिनांक, उजव्या कोपऱ्यात पट आणि हजर, आणि मधे 'आजचा सुविचार'. अक्षर चांगलं असलेल्या मुलाकडे ते काम असे. सुविचार आजचा असला तरी आठवडाभर टिके, कारण पुसायला कुणी धजत नसे. खाली नाव हमखास स्वामी विवेकानंदांचं. विवेकानंदांचं आयुष्य जेमतेम एकोणचाळीस वर्षांचं. पण आमच्या शाळेच्या फळ्यावर ते जे बोललेत, त्याला किमान दीडशे वर्षं लागली असती. त्या सुविचारांनी आमचं काही वाकडं केलं नाही. ते वर राहत, आम्ही खाली राहत असू.

आता सुविचार फळ्यावरून उतरून माणसांच्या अंगात आलेत. पालकसभेला एक वक्ते आणले होते. कॉलरला माइक, मागे पडद्यावर सूर्योदय. त्यांनी सगळ्या पालकांना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या, डोळे मिटायला लावले, शेजारच्याला 'तू ग्रेट आहेस' म्हणायला लावलं. दादाच्या शेजारी आमच्याच सोसायटीतले ते गृहस्थ होते, ज्यांच्याशी पार्किंगवरून गेली दोन वर्षं बोलणं नाही. दोघांनी परस्परांच्या कानशिलाकडे बघत एकमेकांना ग्रेट ठरवलं. पार्किंगचा प्रश्न तसाच आहे.

त्या वक्त्यांनी एक चांगली गोष्ट सांगितली, आणि ती कुठून आली तेही सांगितलं. कॅरल ड्वेक नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आहेत. २००६ साली त्यांचं 'माइंडसेट' हे पुस्तक आलं. मुलाला 'मला येत नाही' म्हणू देऊ नका, 'मला अजून येत नाही' म्हणायला शिकवा. बुद्धीचं नव्हे तर मेहनतीचं कौतुक करा, असा त्याचा रोख. मला हे पटलं. वहिनींनाही पटलं. त्याच रात्री त्यांनी दोन्ही मुलांना समोर बसवून 'अजून'चं महत्त्व समजावलं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात सकारात्मकतेला पूर आला.

"दात घासलेस?"

"अजून घासले नाहीत."

"गृहपाठ?"

"अजून झाला नाही."

"चाचणीत किती मिळाले?"

"वीसपैकी अजून सातच मिळालेत."

दादाचा आवाज चढला, तसा पुतण्या म्हणाला, "बाबा, मेहनतीचं कौतुक करायचं असतं. सात मिळवायला मी खूप मेहनत घेतली. शेजारचा दाखवतच नव्हता."

पुतणीला आरशापुढे उभं राहून रोज पाच वाक्यं म्हणायला शाळेने सांगितलंय. मी हुशार आहे, मी शूर आहे, वगैरे. ती ती म्हणते. मग स्वतःच्या मनाने सहावं जोडते : 'माझी आई माझ्यावर ओरडत नाही.' स्वयंपाकघरातून वहिनी ओरडतात, "पुरे गं आता ते आरशापुढचं!"

खरं सांगू? मोठ्यांना मुलांसाठी हवी असलेली सकारात्मकता ही बऱ्याचदा मोठ्यांची धास्ती असते, नुसतं गंध-पावडर लावून आलेली. 'ताण घेऊ नकोस' हे वाक्य आमच्या घरात परीक्षेच्या आठवड्यात इतक्या वेळा आणि इतक्या ताणात म्हटलं जातं, की पुतणीने एकदा विचारलं, "मी घेत नाहीये, पण कुठे ठेवलाय तो?" मुलं मुळातच आशावादी असतात. वाढदिवस आठ महिन्यांवर असताना त्याची यादी करतात. हरवलेला खोडरबर सापडेल असं त्यांना मनापासून वाटतं. शासनाने २०२४पासून पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आणला. श्वासोच्छ्वास, ध्यान, खेळ, गप्पा. कल्पना गोड आहे, आणि पुतण्याला तो तास आवडतोही. त्याची शंका एकच : "काका, शनिवार आनंददायी आहे हे आम्हाला माहीतच होतं. सोमवारचं काही करता येईल का?"

आशावाद बघायचाच असेल, तर जुलैत बघावा, वेधशाळेचा इशारा आल्यावर. गणिताच्या पेपरात दशांश चिन्ह कुठे द्यायचं, हे पुतण्याला 'अजून' कळत नाही. पण चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपर्यंत पाऊस म्हणजे काहीच नाही, त्यापुढे जोरदार, ११५.६पासून अतिजोरदार, आणि २०४.५ झाला की अतिवृष्टीचा कळस, हे त्याला तोंडपाठ आहे. पिवळ्या, केशरी आणि लाल इशाऱ्यांतला फरक त्याने पुतणीला शिकवलाय. जिल्ह्याचे पालकमंत्री कोण, हे दोघांना ठाऊक नाही. जिल्हाधिकारी कोण आणि त्यांचा स्वभाव मऊ आहे की कडक, याची इत्थंभूत माहिती आहे. रात्री दोघं खिडकीत बसून आभाळाकडे बघतात. ध्यान, एकाग्रता, दीर्घ श्वास, सगळं आपोआप होतं.

यंदा लाल इशारा आला. पण सुट्टीचा आदेश रात्री आला नाही. सकाळी सहाला नाही, साडेसहाला नाही. पुतण्या रेनकोट चढवून, साडेपाच किलोचं आरोग्य पाठीवर घेऊन व्हॅनमध्ये बसला. व्हॅन कोपऱ्यावर वळली आणि सगळ्या घरातले सगळे फोन एकदम वाजले : अतिवृष्टीमुळे जिल्ह्यातील सर्व शाळांना आज सुट्टी. व्हॅनवाले काका तसेच उलटे फिरले. आतून जो जल्लोष ऐकू आला, तसा त्या वक्त्यांच्या सभेत शेवटपर्यंत आला नव्हता.

दादाने लगेच सकारात्मक बाजू मांडली. "मस्त! आता दिवसभर मागचा अभ्यास भरून काढू." तेवढ्यात शाळेचा निरोप आला, की नऊ वाजता ऑनलाइन तासिका होतील, विद्यार्थ्यांनी गणवेशात बसावं. पुतण्याचा चेहरा पडला. पुतणी आरशापुढे जाऊन उभी राहिली.

नऊला पाच कमी असताना आभाळ एकदा गडगडलं. आजी देवघरातून उठली, वायफायच्या डबीपाशी गेली आणि तिने भिंतीतून वायर उपटली.

"आई!" दादा ओरडला. "अगं, नऊ वाजता यांचे तास आहेत."

"वीज चमकतेय. विजेत ही असली यंत्रं चालू ठेवत नाहीत," आजी म्हणाली, आणि वायर गुंडाळून तिने ती कपाटात ठेवली, किल्ली कमरेला. मग कढई गॅसवर चढली. घरभर बेसनाचा वास सुटला.

वहिनींनी फ्रिजवरच्या तक्त्याकडे बघितलं. "आई, आज मंगळवार आहे. पालेभाजीचा वार. आणि तळलेलं म्हणजे..."

"तेच तर करतेय," आजी म्हणाली. "पालकाचीच भजी आहेत."